व्हॉलीबॉलचे नियम कसे घडले

आपल्या मंडळास यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याची कृती लिहून देते म्हणाले, तर तशा चार कृती त्यांच्याकडे आधीच येऊन पडल्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "संक्रांतीच्या खेळात भांडण झाले, त्यावरच लिहा की! नियम नियम म्हणून तुम्हीच तर ओरडत होता." त्या हसत म्हणाल्या, पण मला ते लागले. त्या दिवशी मी कोणाशी भांडले हे साऱ्या कॉलनीला ठाऊक आहे.

ज्या भगिनी त्या दिवशी आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दरवर्षी हळदीकुंकवाच्या दिवशी आपण संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा खेळतो. यंदा पटांगणात मुलांनी व्हॉलीबॉलची जाळी बांधलेलीच होती, फक्कीही नुकतीच मारलेली होती. तेव्हा आपणही खेळून पाहू असे निघाले. पदर खोचून सहाजणी इकडे, सहाजणी तिकडे उभ्या राहिल्या. आमच्या थोरल्या जाऊबाई उंच आहेत. त्या जाळीपाशी उभ्या राहिल्या आणि येईल तो चेंडू एका फटक्यात पलीकडे धाडू लागल्या. मध्ये एकदा सर्व्हिस समोरच्यांकडे जाऊन परत आमच्याकडे आली, तेव्हा मी म्हटले, "जाऊबाई, आता एकेक जागा सरकायचे. तुम्ही मागे सर्व्हिसला, मी पुढे." त्या म्हणाल्या, "तू पुढे येऊन काय करणार? तुझा हात तरी पोचतो का तिथवर?" सगळ्या हसल्या. मी म्हटले, "नियमच आहे तसा." त्यावर त्या म्हणाल्या, "चांगल्या खेळणारीला मागे धाडायचे, असला कसला ग नियम?" आणि पटांगणाबाहेर जाऊन बसल्या. तिळगूळ वाटला त्याच दिवशी आमचे बोलणे थांबले.

खरे सांगायचे तर, असला कसला नियम, ह्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. पाचवी ते सातवी मी शाळेत हा खेळ खेळले. मास्तर "फिरा" म्हणत, आम्ही फिरत असू. का फिरायचे, हे कधी विचारले नाही. सातवी झाली, शाळा सुटली, त्याबरोबर खेळही सुटला. म्हणून ह्या निमित्ताने मुलीच्या मागे लागून, तिच्या खेळाच्या पुस्तकांतून व मोबाईलवरून मिळेल ते वाचून घेतले. कळले ते आता सांगते.

हा खेळ अमेरिकेत जन्मला. मॅसॅच्युसेट्स राज्यात होलिओक नावाचे गाव आहे. तेथील वाय.एम.सी.ए. ह्या संस्थेत विल्यम मॉर्गन नावाचे व्यायामशिक्षक होते. जवळच स्प्रिंगफील्ड गावी चार वर्षांपूर्वी, म्हणजे १८९१ साली, बास्केटबॉल निघाला होता. तरुण मुले त्यावर खूष होती. परंतु मॉर्गन ह्यांच्या वर्गाला संध्याकाळी यावयाचे ते दुकानदार, व्यापारी, प्रौढ गृहस्थ. त्यांना ती धावपळ आणि धक्काबुक्की झेपेना. कोणी कोणाच्या अंगावर जाणार नाही, पण घाम मात्र येईल, असा खेळ हवा होता. १८९५ साली मॉर्गन ह्यांनी टेनिसची जाळी घेतली आणि ती उभ्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर, साडेसहा फुटांवर बांधली. दोन बाजूंच्या मध्ये जाळी आली की धक्काबुक्कीचा प्रश्नच मिटला. आपल्याकडे चाळीच्या नळावर अशी एखादी जाळी असती तर किती भांडणे वाचली असती!

चेंडूचा शोध मात्र लगेच लागला नाही. बास्केटबॉलच्या आतला रबरी फुगा घेऊन पाहिला, तो फारच हळू तरंगे. अख्खा बास्केटबॉल घेतला, तर तो जड, बोटे दुखत. शेवटी स्पाल्डिंग नावाच्या खेळाचे साहित्य करणाऱ्या कंपनीकडून मुद्दाम हलका चेंडू करवून घेतला. आजही चेंडूचे वजन २६० ते २८० ग्रॅमच असते. पाव किलो साखरेच्या पुडीहून थोडेसे जास्त.

खेळाचे नाव त्यांनी ठेविले होते मिंटोनेट, बॅडमिंटनवरून. १८९६ साली स्प्रिंगफील्डला व्यायामशिक्षकांच्या परिषदेत त्यांनी तो खेळून दाखविला. पाच-पाच गडी होते. एका बाजूचे पुढारी होलिओकचे नगराध्यक्ष, तर दुसऱ्या बाजूचे तेथील अग्निशामक दलाचे प्रमुख. बघणाऱ्यांत अल्फ्रेड हॉलस्टेड नावाचे गृहस्थ होते. चेंडू खाली न पडता वरच्या वर टोलविला जातो, त्यास इंग्रजीत व्हॉली म्हणतात, तेव्हा नावही व्हॉलीबॉल असावे, असे त्यांनी सुचविले. ते सर्वांस पटले.

आता ह्या पहिल्या खेळाचे नियम ऐकून तुम्हांस नवल वाटेल. एका बाजूला कितीही माणसे चालत. चेंडूला कितीही वेळा हात लावून मग पलीकडे धाडला तरी चालत असे. पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरी करावयास मिळे. म्हणजे येईल त्याला सामावून घेणारा खेळ. दहा माणसे आली तर दहा खेळतील, वीस आली तर वीस. आज आपण ज्यांना नियम म्हणतो, त्यांतले बरेचसे त्या दिवशी नव्हतेच!

मग ते आले कोठून? माझ्या समजुतीप्रमाणे, खेळात कोणी फार चलाख निघाला की त्याच्या मागोमाग एकेक नियम आला. फिलिपाईन्स बेटांत हा खेळ वाय.एम.सी.ए.नेच नेला होता. तेथील गड्यांनी १९१६ च्या सुमारास एक नवीच युक्ती काढली. एकाने चेंडू जाळीपाशी उंच उडवावयाचा आणि दुसऱ्याने उडी मारून तो वरून खाली हाणावयाचा. ह्या फटक्यास ते बोंबा म्हणत, म्हणजे बॉम्बच! ह्यालाच आपली मुले स्मॅश म्हणतात आणि चेंडू उंच करून देणाऱ्याला लिफ्टर. प्रौढ गृहस्थांसाठी काढलेला सोज्वळ खेळ एकदम जोराचा झाला. जाळीही वर वर चढत गेली. गुण २१ चे १५ झाले ते १९१७ साली, एका बाजूस सहा गडी ठरले ते १९१८ साली, आणि तीन स्पर्शांतच चेंडू पलीकडे गेला पाहिजे हा नियम आला १९२० साली. त्याच सुमारास मागच्या ओळीतल्या गड्याने पुढे येऊन फटका मारण्यावर बंधन आले.

आणि फिरण्याचा नियम? तो ह्या सगळ्याच्या आधीचा, १९१२ चा. सर्व्हिस करण्यापूर्वी गड्यांनी जागा बदलावी असे ठरले. आज तो असा आहे: समोरच्यांकडची सर्व्हिस आपण जिंकली की आपल्या सहाहीजणींनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक जागा पुढे सरकावयाचे. पुढच्या ओळीतली उजवीकडची मागे जाऊन सर्व्हिस करते, मागची डावीकडची पुढे येते. त्यामुळे प्रत्येकीस सर्व्हिस करावी लागते, प्रत्येकीस मागे उभे राहून चेंडू उचलावा लागतो आणि प्रत्येकीस जाळीपाशीही यावे लागते. उंच बाईला वाकावे लागते, बुटकीला उडी मारावी लागते. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. जाऊबाईंना जाऊन सांगावे, पाहा मी म्हणत होते ते खरे, असेही मनात आले. गेले मात्र नाही.

बाकीचे नियम आता घाईने सांगते, म्हणजे वर्धापनदिनाला पुन्हा घोळ नको. मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंस तीन-तीन मीटरवर एकेक रेषा असते. मागच्या ओळीतलीने तिच्या पुढे येऊन जाळीच्या वरचा चेंडू पलीकडे हाणावयाचा नाही. जाळी बायकांसाठी २.२४ मीटर उंच, पुरुषांसाठी २.४३. शिट्टीनंतर आठ सेकंदांत सर्व्हिस. चेंडू रेषेवर पडला तरी आतच धरतात. त्या दिवशी जो वाद झाला तो फुकटचाच. चेंडू धरून ठेवावयाचा नाही, आणि एकीनेच लागोपाठ दोनदा मारावयाचा नाही. जाळीपाशी हात वर करून अडविला, म्हणजे ब्लॉक केला, तर तो स्पर्श तीनांत मोजत नाहीत.

गुणांचे मात्र नीट समजून घ्या, कारण संक्रांतीला अर्धा गोंधळ त्यामुळेच झाला. मी शाळेत खेळत असे तेव्हा ज्यांची सर्व्हिस त्यांनाच गुण मिळे. समोरच्यांनी चेंडू जिंकला तर त्यांना नुसती सर्व्हिस मिळे, गुण नाही. त्यामुळे सामना किती चालेल ह्याचा नेम नसे. १९९८ साली जागतिक संघटनेने हे बदलले. आता प्रत्येक चेंडूला कोणाचा तरी एक गुण होतोच. डाव २५ गुणांचा, पण दोनांची आघाडी हवी. दोन-दोन डाव झाले तर पाचवा डाव १५ चा. त्याच वर्षी लिबेरो नावाची खेळाडूही आली. वेगळ्या रंगाचा सदरा घातलेली ही बाई फक्त मागेच खेळते. तिने जाळीपाशी येऊन फटका मारावयाचा नाही, फक्त पडता चेंडू उचलावयाचा. मुलगी मला म्हणाली, "आई, तू लिबेरो हो." मी म्हटले, स्वयंपाकघरात आहेच की.

आपल्या देशात हा खेळ आणला तोही वाय.एम.सी.ए.नेच. मद्रासेस १९२० साली हॅरी बक ह्यांनी व्यायामशिक्षकांचे महाविद्यालय काढले, आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी अनेक खेळ शाळाशाळांत नेले. भारतीय व्हॉलीबॉल संघटना १९५१ सालची. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई खेळांत आपल्या पुरुषांनी रौप्यपदक मिळविले. बायकांचे नाव ह्या खेळात थोडे उशिराच आले, के. सी. एलम्मा ह्यांस १९७५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

पण बायकांच्या व्हॉलीबॉलची गोष्ट सांगावयाची तर जपानचीच सांगितली पाहिजे.

ओसाका शहराजवळ काइझुका येथे निचिबो कंपनीची सूतगिरणी होती. गिरणीतल्या मुलींचा एक व्हॉलीबॉल संघ होता. त्यांचे शिक्षक हिरोबुमी दाइमात्सु. मुली दिवसा गिरणीतली नोकरी करीत आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत सराव करीत. चेंडू उचलताना जमिनीवर कोलांटी घेऊन पुन्हा ताबडतोब उभे राहावयाचे, हे त्यांनीच बसविले. अंगावर निळे डाग पडत. दाइमात्सुंना लोक राक्षस म्हणत. ह्या माणसाचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. माझ्याने मात्र ते होत नाही. माझ्या मुलीला कोणी असे रात्री बारापर्यंत जमिनीवर आपटावयास लावले असते, तर मी जाऊन तिला घरी आणले असते. पण त्या मुली स्वतः काय म्हणाल्या असत्या, ते वेगळेच असेल. १९६१ साली त्या युरोपात गेल्या आणि एकामागून एक सामने जिंकत सुटल्या. तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्यांचे नाव ठेविले, पूर्वेकडच्या चेटकिणी! हरणाऱ्याला बाई जिंकली की ती चेटकीणच दिसते. पुढच्याच वर्षी मॉस्कोत रशियाला हरवून त्या जगज्जेत्या झाल्या.

त्यांची कर्णधार होती मासाए कासाई. मॉस्कोहून परतल्यावर आता पुरे असे त्यांच्या मनात होते. वये वाढत चालली होती, लग्ने व्हावयाची होती. पण १९६४ ची ऑलिंपिक तोक्योत भरणार होती, व्हॉलीबॉल प्रथमच त्यात आला होता, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांचा सांघिक चेंडूचा खेळ हा पहिलाच. सोडू नका अशी पत्रांवर पत्रे लोकांकडून आली. त्या राहिल्या. ऑलिंपिकच्या वेळी कासाई एकतीस वर्षांची होती. त्या काळी एकतीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी म्हणजे जपानातही आईबापांच्या घशाखाली घास उतरत नसेल.

२३ ऑक्टोबर १९६४ ला शेवटचा सामना झाला, पुन्हा रशियाशीच. पहिले दोन डाव जपानने १५-११, १५-८ असे घेतले. तिसऱ्यात जपानचे १४ झाले. एकच गुण हवा. पण तेव्हा जुना नियम होता. सर्व्हिस आपली असेल तरच गुण. एक गुण राहिला, एक गुण राहिला, असे म्हणता म्हणता सर्व्हिस इकडून तिकडे जाऊ लागली, आणि रशियन मुलींनी गुण १३ वर आणले. साऱ्या देशाचा जीव टांगणीला लागला होता. तोक्यो भागात सुमारे दोन तृतीयांश घरांतून टेलिव्हिजनवर तो सामना लावलेला होता. शेवटचा गुण आला तो कोणाच्या जोरदार फटक्याने नव्हे. एका रशियन मुलीचा हात जाळीवरून पलीकडच्या चेंडूला लागला. पंचांनी शिट्टी वाजविली. १५-१३. सुवर्णपदक एका नियमाने ठरले! आणि गंमत म्हणजे, त्या ऑलिंपिकनंतर लगेचच नियम बदलून ब्लॉक करणारीला हात जाळीपलीकडे नेण्याची मुभा मिळाली.

पुढे कासाईने पंतप्रधान सातो ह्यांना सांगितले की, सरावापायी मला कोणाशी ओळख करून घ्यावयास वेळच मिळाला नाही. त्यांनी खरोखरच एका लष्करी अधिकाऱ्याशी तिची गाठ घालून दिली आणि १९६५ साली लग्न झाले. येथे गोष्ट संपली असती, तर मी ती तुम्हांस सांगितलीच नसती. पण त्या सामन्यानंतर जपानातल्या गृहिणींनी चेंडू हाती घेतला. मुले शाळेत गेली की गल्लीतल्या, शाळांच्या व्यायामशाळांतल्या बायका खेळू लागल्या. त्यास तिकडे मामासान व्हॉलीबॉल म्हणतात, म्हणजे आयांचे व्हॉलीबॉल. १९७० पासून तर गृहिणींची देशभराची स्पर्धा भरू लागली. लग्नानंतर कासाईबाईंनीही गृहिणींना हा खेळ शिकविला. २०१३ साली त्या वारल्या. मॉर्गन ह्यांच्या होलिओक गावी व्हॉलीबॉलच्या थोरांचे स्मारकदालन आहे, त्यात २००८ साली त्यांचे नाव लागले.

ह्या आयांच्या खेळाचे नियम वाचावयास घेतले आणि मी थबकले. एका बाजूला नऊजणी. जाळी फक्त २.०५ मीटर, म्हणजे मॉर्गन ह्यांच्या पहिल्या जाळीहून जेमतेम तीन इंच उंच. पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरी करावयास मिळते, मॉर्गन ह्यांच्या खेळात मिळत असे तशीच. चेंडूही थोडा लहान. आणि फिरणे? फिरणे नाही! सर्व्हिस पाळीपाळीने सर्वांनी करावयाची, पण खेळताना जिची जागा तिची. उंच ती पुढे, चपळ ती मागे. जपानात हा खेळ गेला तेव्हा एका बाजूस सोळा-सोळा गडी खेळत. पुढे ते नऊ झाले, आणि ती जुनी रीत आयांनी अजून ठेविली आहे.

म्हणजे जाऊबाई म्हणत होत्या तसाही नियम आहे, आणि तो खास आपल्यासारख्यांसाठीच आहे. हे वाचून मी दोन दिवस गप्प होते. मुलीला म्हटले, हे लेखात घालू नको या का? ती म्हणाली, "मग तो इतिहास कसला, आई?"

तिसऱ्या दिवशी वाटीभर मेतकूट घेऊन जाऊबाईंकडे गेले. त्या निवडण करीत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. मॉर्गन, गिरणीतल्या मुली, नऊजणींचा खेळ. त्यांनी डोके वर केले नाही, पण ऐकत होत्या हे कळत होते. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी पुढे राहिले तरी चालते ना?"

"नऊजणींच्या खेळात चालते. सहाजणींच्यात नाही."

"आणि त्या लग्न झालेल्या बायका? त्यांच्या घरचे काही म्हणत नाहीत?"

"आता पन्नासहून अधिक वर्षे खेळताहेत म्हणे."

त्यांनी मेतकुटाची वाटी जवळ ओढली. "मग दोन्ही ठेवा," म्हणाल्या. "आधी तुझा फिरण्याचा. मला दम आहे तोवर मी फिरते. मग नऊजणींचा."

तेव्हा भगिनींनो, वर्धापनदिनी दुपारी चार वाजता दोन्ही खेळ होतील. सहाजणींचा डाव २५ गुणांचा, नऊजणींचा २१ चा. जाळी दोन्ही वेळा २.०५ मीटरवर बांधणार आहोत. शिंप्याची टेप दीड मीटरचीच असते, म्हणून काल जाऊबाईंनी खांबाला दीड मीटरवर खूण केली आणि तेथून वर पुन्हा ५५ सेंटीमीटर मोजले. मी स्टुलावर उभी राहून दोरी बांधली. नऊजणींच्या दोन बाजू करावयास अठराजणी लागतात आणि अजून चौदाच नावे आली आहेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी जाऊबाईंकडे नाव द्यावे.